रमिलाची दहा मिनिटं

मार्च लागला की मला चिडायला वेगळं कारण लागत नाही. नंदुरबारहून सकाळची एसटी पकडते. गाव संपतासंपता पथारींवर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका खिडकीतून आत येतो आणि अख्खी गाडी शिंकायला लागते. ड्रायव्हर शिंकतो, कंडक्टर शिंकतो, तिकीट हातात पडेपर्यंत माझे डोळे लालबुंद झालेले असतात. कॉलेजच्या दारात मुलं आपसांत कुजबुजतात, मॅडम आज आधीच तापल्यात. मी तापलेली नसते, डोळे चुरचुरत असतात. पण पाच मिनिटांत प्रोजेक्टच्या फायली टेबलावर येतात आणि त्यांचं म्हणणं खरं ठरतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. सतरा वर्षं झाली. मार्च-एप्रिल हा आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा हंगाम. मुलांनी काहीतरी बनवायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे दहा मिनिटांत मांडायचं. बनवतात काय, तर ग्रंथालयाची नोंदवही नाहीतर दवाखान्याची नोंदवही, दर वर्षी तीच, मागच्या बॅचकडून पेन ड्राइव्हवर आलेली. एकानं तर आधीच्या मुलाचं नावसुद्धा बदललं नव्हतं. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, ते माझं टोपणनाव आहे." कपाळाला हात लावला आणि सही केली.

त्यात होळी. गावातली होळी एका संध्याकाळची. डोंगरातल्या होळ्या एका दिवशी नसतात. काठी गावाची वेगळ्या दिवशी, पुढच्या गावाची पुढच्या दिवशी, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांकडे जाता यावं. व्यवस्था फार शहाणपणाची आहे, फक्त माझ्या हजेरीपटाचं वाटोळं होतं. वर्गात मी, पंखा आणि बाजारपेठेतली चार मुलं. मग एक दिवस सगळे एकदम उगवतात, घसे बसलेले, कमरेला घुंगरांचे वळ, आणि विचारतात, "मॅडम, सबमिशन पुढे गेलं ना?" गेलेलं नसतं. जायला हवं होतं असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत असतं.

याच दिवसांत, तीन वर्षांपूर्वी, रमिला माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मला गेम बनवायचाय."

रमिला मोलगीच्याही पलीकडच्या एका पाड्यातली. घरी भिली बोलायची, मराठी शाळेत शिकलेली. इथे मुलींच्या वसतिगृहात राहायची. रोज सकाळी लॅबच्या दारात उभी राहून ती आधी माझी चौकशी करायची. मॅडम, तुमच्या मुलीचा ताप उतरला का? गाडीत बसायला जागा मिळाली का? डबा आणलाय ना? एवढं झालं की चप्पल काढून आत. मला घाई असायची. "हो गं बाई, सगळं बरं आहे, तू मशीन चालू कर," असं मी फायलीतून मान वर न करता म्हणायची. सकाळी दहा वाजता कुणाला एवढा वेळ असतो?

पण पोरगी हुशार होती, आणि हे मी सहसा कुणाला म्हणत नाही. पाच वाजता लॅब बंद झाली की वहीत कोड लिहून ठेवायची आणि सकाळी तो मशीनवर चढवायची. त्यातल्या चुका मी काढायची, भरपूर रागावून, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एकही चूक पुन्हा नसायची. चित्रं स्वतःची. डोंगर असे काढायची की उन्हाळा आहे की पावसाळा ते गवतावरून कळावं.

त्या वर्षी नेमकी एक संधी चालून आली होती. गेम बनवणारी पुण्याची एक कंपनी आमच्या भागातला एक विद्यार्थी वर्षभराच्या प्रशिक्षणाला नेणार होती. राहण्याची सोय त्यांची. त्यांचे एक सर परीक्षक म्हणून येणार आणि त्या दहा मिनिटांवरून एकाला निवडणार. जागा एकच. आमच्या लॅबमधल्या जुनाट मशीनवर रमिलाचा खेळ पुरा होणं शक्य नव्हतं, तिथे गेली असती तर झाला असता. ती जागा तिला मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. देवाला नारळ बोलायचा तेवढा राहिला होता.

आता खेळाचं ऐका. खेळाचं नाव 'लाह'. डोंगरात कुणाला घर उभं करायचं असलं की घरधनी पाड्यात फिरून बोलावणं करतो. ठरल्या दिवशी सगळे येतात, कुणी बांबू तासतं, कुणी माती कालवतं, कुणी गवत चढवतं. मजुरी नाही. संध्याकाळी घरधन्याकडे जेवण, आणि उद्या त्यांच्याकडे काम निघालं की हा जाणार. याला लाह म्हणतात. रमिलाच्या खेळात पावसाआधी एक घर उभं करायचं होतं आणि त्यासाठी बावीस घरांना बोलावायचं होतं. ऐकायला किती छान! मी खेळून पाहिला.

खेळायला बसले ती चालतच राहिले. चढ, उतार, नाला, पुन्हा चढ, कारण पाड्यात घरं एकेका टेकडीवर एकेक. पहिल्या घरी कुत्रं भुंकलं. एका म्हातारीनं खाट टाकली, पाणी दिलं. मी लगेच बटण दाबून विचारलं, शनिवारी लाहला याल का? म्हातारी म्हणाली, हो, येईन. मी खूश. पुढच्या घरी तेच, हो, येईन. तासाभरात सगळा पाडा उरकला. शनिवार उजाडला आणि कुणीही आलं नाही. मोकळ्या जागेत मी एकटी उभी, हातात एक बांबू.

"अगं, सगळे हो म्हणाले होते!"

"मॅडम, तुम्ही बसलाच नाहीत," रमिला म्हणाली. "म्हातारीची शेळी हरवली होती. तुम्ही विचारलं नाही."

"शेळी हरवली हे मला कसं कळणार?"

"बसल्यावर कळतं."

"आणि बावीस घरी असं बसत राहायचं? मग खेळ कधी सुरू होणार?"

"हाच खेळ आहे मॅडम."

माझं डोकं फिरलं. गुण किती? नाहीत. हरतं कोण? कुणी नाही, घर तेवढं राहून जातं. शत्रू कोण? ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, पाऊस, पण तो शत्रू कसा, तो तर यायलाच हवा. मी म्हटलं, "बाई गं, पुण्याचे सर हे ऐकून झोपतील. एखादं अस्वल तरी टाक मध्ये." ती माझ्याकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाली, "अस्वल लाहला येत नाही मॅडम."

अस्वल आलं नाही. शेवटी मीच माघार घेतली आणि खेळ सोडून मांडणीच्या मागे लागले. बारा स्लाइड, दहा मिनिटं, पहिल्या मिनिटात मुद्दा. आठव्या मिनिटाला एक घंटी, दहाव्याला दोन, की संपलं. रिकाम्या लॅबमध्ये आठवडाभर सराव घेतला. रमिला उभी राहिली की थेट सुरू करायची, मुद्द्यामागून मुद्दा, नवव्या मिनिटाला दहाव्या स्लाइडवर. तिथे मी दर वेळी थांबवायची, कारण माझी गाडी चुकायची. "शेवटच्या दोन काय, आभारबिभार असतील, ते तू करशीलच," असं म्हणत मी पर्स उचलायची. मला इतकं समाधान वाटत होतं की एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. सराव ती माझ्यासमोर करायची, आणि माझी चौकशी रोज सकाळी दारातच होऊन गेलेली असायची.

परीक्षेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. खिडकीबाहेरच्या मोहाखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्यांचा गोड, जड वास सगळ्या वर्गात भरला होता. पुढे पुण्याचे सर, शेजारी आमचे प्राचार्य, कडेला मी, माझ्यापुढे घंटी. मागच्या बाकांवर मुलं आणि दाराशी आमच्या लॅबचे सेवक सुकलालभाऊ. पहिलं नाव रमिलाचं. ती उभी राहिली, प्रोजेक्टरचा प्रकाश तिच्या अर्ध्या तोंडावर, आणि तिनं सुरुवात केली.

"सर, तुम्ही पुण्याहून कधी निघालात? प्रवास बरा झाला का?"

सर हसले. झाला, म्हणाले.

"पाणी दिलं का तुम्हाला? तुमचं गाव कुठलं सर?"

"पुणेच."

"नाही सर, गाव."

मी खुर्चीत चुळबुळ केली. सरांनी साताऱ्याकडच्या एका गावाचं नाव घेतलं. तिथे कोण असतं, तिनं विचारलं. आता कुणी नाही, घर बंद असतं, ते म्हणाले. "मग पावसात छप्पर कोण बघतं?" सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. मी डोळे वटारले, खाकरले, पेन आपटलं. रमिलाचं लक्ष नव्हतं. ती प्राचार्यांकडे वळली होती, त्यांच्या शेतातल्या बोअरला पाणी लागलं का ते विचारत होती. मग सुकलालभाऊंचा गुडघा. मग मागच्या बाकावरचा हर्ष, त्याच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एकेकासमोर थांबून, उत्तर पुरतं ऐकून, घाई नाही, गडबड नाही, हातातला रिमोट तसाच. आठव्या मिनिटाला मी घंटी वाजवली ती जरा जोरातच. तेव्हा ती पडद्याकडे वळली आणि म्हणाली, "माझ्या खेळाचं नाव लाह."

दुसऱ्या स्लाइडवर दहा मिनिटं संपली. मी दोनदा घंटी वाजवली. ती वाक्याच्या मध्येच थांबली, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली.

"कल्पना चांगली असेलही," पुण्याचे सर प्राचार्यांना म्हणाले, "पण मुलीला मुद्द्यावर येता येत नाही."

तिच्यानंतर हर्ष. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर. गिऱ्हाईकासमोर वाढलेला मुलगा, बोलायला पटाईत. चांदशैली घाटातून माणसांनी खच्चून भरलेली जीप पळवायची, हा त्याचा खेळ. वळणं झकास जमली होती, टपावरची माणसं ओरडायचीसुद्धा. सात मिनिटांत मांडून मोकळा. जागा त्याला मिळाली. तो वाईट मुलगा नाही, हे सांगायला हवं. पेढे द्यायला आला तेव्हा त्यानंच विचारलं, "मॅडम, रमिलाचं तर सुरूच नाही झालं. तिला परत बोलावता नाही येणार?" नियम नियम असतात, असं मी त्याला सांगितलं. अंतर्गत परीक्षक मीच होते. पाच मिनिटं वाढवून द्यायचा अधिकार माझ्या हातात होता, घंटीसारखाच. हे मी त्याला सांगितलं नाही.

रमिलाला मात्र मी व्हरांड्यात गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. "तुला काय पाहुणचाराला उभं केलं होतं का? आठवडाभर घसा फोडला मी. एक जागा होती, एक! ती तू लोकांचे गुडघे विचारण्यात घालवलीस."

तिनं खाली पाहिलं. "मॅडम, असं एकदम कसं मागायचं?"

"का नाही मागायचं? सगळं जग मागतं!"

तिला रडू आलं असतं तर मी कदाचित थांबले असते. पण ती नुसती उभी राहिली, माझं बोलणं संपेपर्यंत. मग वसतिगृहाच्या रस्त्याला लागली. मागून सुकलालभाऊ आले, हातात प्रोजेक्टरची वायर गुंडाळत.

"कसाले इतलं चिडतस मॅडम? मन्हा गुडघा दोन वरीसपासून दुखी ऱ्हायना. या कॉलेजमा कोनी इचारं नही मले. त्या पोरनी इचारं."

"भाऊ, गुडघा नंतर विचारता आला असता."

"नंतर कोन इचारस?" असं म्हणून ते वायर घेऊन निघून गेले.

रमिला पास झाली, मार्क बरे पडले. खेळ अर्धाच राहिला. दाखला न्यायला आली त्या दिवशी मी रजेवर होते. पुढे कुणाकडून तरी कळलं की खापर गावात एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. हर्षचं पुण्यात छान चाललंय, दिवाळीला येतो तेव्हा भेटतो. आणि मी दर मार्चला नव्या मुलांना तेच सांगते, बारा स्लाइड, दहा मिनिटं, पहिल्या मिनिटात मुद्दा. सांगताना हल्ली मध्येच माझा मलाच राग येतो, मग तो मुलांवर निघतो.

कारण तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. माणसं बोलायला आली की ती किती वेळात कामावर येतात ते मी पाहते. विद्यार्थी, "मॅडम, सही." ऑफिस, "मॅडम, फाइल." फोनवर मुलगी, "आई, ओटीपी सांग." सगळे कसे पहिल्या मिनिटात मुद्द्यावर. आणि मीही सगळ्यांना म्हणते, हो, येते, हो, करते, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी जात नाही. त्या खेळातली म्हातारी मला फार आडमुठी वाटली होती. आता वाटतं, बाई मोठी व्यवहारी होती.

या वर्षी पुन्हा तोच हंगाम. मिरची, शिंका, होळीनं रिकामे केलेले बाक. त्यात तपासणी समिती येणार म्हणून मागच्या पाच वर्षांचे प्रोजेक्ट एका जागी गोळा करायचं फर्मान निघालं. म्हणजे कुणी करायचं, तर मी. चार दिवस जुनी मशीन उघडून बसले, अर्धी सुरूच होईनात. जी सुरू झाली त्यांत ग्रंथालयं आणि दवाखाने. काल दुपारी सातव्या मशीनवर एक फाइल सापडली, 'लाह'. बारा स्लाइड आहेत की नाही एवढंच तपासायचं होतं. दहा मला पाठ होत्या. मी थेट शेवटाकडे गेले.

अकराव्या स्लाइडवर एक घर होतं, छप्पर नसलेलं. वर लिहिलं होतं, 'बोलावणं'. खाली यादी.

बाहेरून येणारे सर – खेळात चूक कुठे होते ते सांगायला.
प्राचार्य सर – सुट्टीत लॅब उघडी ठेवायला.
सुकलालकाका – म्हाताऱ्या माणसाचा आवाज द्यायला.
हर्ष – रस्ते काढायला. त्याची वळणं माझ्यापेक्षा चांगली आहेत.
मॅडम – माझ्या चुका काढायला. त्या रागावतात, पण सोडून जात नाहीत.

बाराव्या स्लाइडवर एकच ओळ होती. 'जेवण माझ्याकडे.'

पुण्याच्या जागेचा उल्लेख कुठेही नव्हता. मला निवडा, असं एकाही स्लाइडवर नव्हतं. रमिला ती जागा मागायला उभीच राहिली नव्हती. तिला तो खेळ इथेच, आम्हा सगळ्यांना घेऊन पुरा करायचा होता, आणि तेवढं मागण्याआधी ती एकेकाच्या दारात जाऊन बसत होती. मी घंटी वाजवून तिला उठवलं. मला फार वाईट वाटलं, आणि फार रागही आला, तिचा, माझा, त्या घंटीचा. आठवडाभर सराव घेताना एक दिवस गाडी चुकली असती तर काय बिघडलं असतं?

सुकलालभाऊंनी इकडून तिकडून तिचा नंबर मिळवून दिला. फोन लगेच उचलला. मी ठरवून टाकलं होतं, घाई करायची नाही.

"रमिला, मी मॅडम बोलतेय. कशी आहेस गं? आई बरी आहे ना? मोह वेचायला गेली होतीस का घरी?"

"बरंय सगळं मॅडम." मागे लोकांचा गलका होता, कुणीतरी काचेवर टकटक करत होतं. "दुकानात गर्दी आहे. काय काम होतं?"

तिचा आवाज तुटक नव्हता. फक्त तिला वेळ नव्हता. मग मीही भराभर सांगितलं. तुझी फाइल सापडली, शेवटच्या दोन स्लाइड मी तेव्हा पाहिल्याच नव्हत्या, चूक माझी आहे, आता सुट्टी लागेल, माझ्या नावापुढे जे काम लिहिलंयस ते मी करते, हवं तर खापरला येऊन बसते.

गलका तेवढा ऐकू येत राहिला.

"मॅडम, ते तेव्हाचं होतं," ती म्हणाली.

चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. मोबाइल दुरुस्त होणार नाही हे गिऱ्हाईकाला जसं सांगत असेल, तसं तिनं मला समजावून सांगितलं. मग ठेवते म्हणाली आणि फोन ठेवला. सगळं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं होतं. हे तिला मी शिकवलं होतं, आणि ती शिकली होती.